न पाहिलेल्या खडकाची परीक्षा

गेल्या काही वर्षांत पीएच.डी.च्या प्रबंधांमध्ये एक विषय वरचेवर दिसू लागला आहे. भूऔष्णिक ऊर्जेसाठी कठीण खडकात विहीर खणायची आणि ती लवकर व कमी खर्चात खणली जावी म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घ्यायची. असे प्रबंध आणि त्यांवर आधारलेले शोधनिबंध परीक्षणासाठी माझ्याकडे येतात. त्यांतील बऱ्याच लेखनाची मांडणी सारखी असते, निष्कर्ष सारखा असतो आणि खेदाने म्हणावे लागते की चूकही सारखीच असते. ही चूक समजण्यासाठी भूगर्भशास्त्राचे किंवा संगणकशास्त्राचे विशेष ज्ञान लागत नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला ती चटकन कळेल.

आधी मूळ प्रश्न पाहू. जमिनीत खोल जावे तसे तापमान वाढत जाते. सर्वसाधारण ठिकाणी ही वाढ दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सियस असते, काही ठिकाणी याहून बरीच जास्त. अशा तप्त खडकात दोन विहिरी खणल्या, त्यांच्यामधल्या खडकात पाण्याच्या दाबाने भेगा उघडल्या, एका विहिरीतून थंड पाणी सोडले आणि दुसरीतून तापलेले पाणी वर घेतले, तर त्या उष्णतेवर वीज तयार करता येते. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील फेंटन हिल येथे १९७०च्या दशकातच याचे प्रयोग सुरू झाले होते.

अडचण आहे ती खणण्याची. तेलाच्या विहिरी बहुधा गाळाच्या खडकात असतात. तप्त खडक मात्र बहुतेक वेळा ग्रॅनाइटसारखा असतो. चांगला ग्रॅनाइट १५० ते २५० मेगापास्कल दाब सहन करतो. आपल्याकडे बोअर मारणारी गाडी काळ्या पाषाणात अडली की काय होते, हे गावोगावच्या लोकांना ठाऊक आहे. इथे तर दोन-तीन किलोमीटर खोल जायचे असते. बिट झिजले की रॉडची सगळी माळ तुकड्या-तुकड्याने वर काढायची, बिट बदलायचे आणि पुन्हा खाली सोडायची. यात कित्येक तास जातात आणि यंत्राचे भाडे चालूच राहते. प्रकल्पाच्या एकूण खर्चातील फार मोठा वाटा विहिरींवरच जातो. म्हणून तासाला किती मीटर खणले जाते, या आकड्याला महत्त्व आहे.

आता प्रबंध काय करतात ते पाहू. खोदाई चालू असताना बिटवरचे वजन, फिरण्याचा वेग, पीळ, चिखलाचा प्रवाह व दाब यांच्या नोंदी सतत होत असतात. एका विहिरीतून लाखो नोंदी मिळतात. त्यांतील ८० टक्के नोंदी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून संगणकाला शिकण्यासाठी देतात आणि उरलेल्या २० टक्क्यांवर त्याची परीक्षा घेतात. संगणकाने सांगितलेला खोदाईचा वेग आणि प्रत्यक्ष वेग यांचा मेळ ९५ टक्क्यांच्या पुढे बसला की प्रबंध यशस्वी ठरतो.

हा निकाल फसवा आहे. २५०० मीटर खोलीवरचा वेग आणि तिथून वीतभर खाली असलेला वेग जवळजवळ सारखाच असणार. चिठ्ठ्या टाकून नोंदी वेगळ्या केल्या की परीक्षेतील प्रत्येक नोंदीच्या वरची आणि खालची नोंद संगणकाने आधीच पाहिलेली असते. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाची उत्तरे देऊन तिसऱ्याचे उत्तर विचारावे, आणि तेही त्या दोहोंच्या मधले असावे, असा हा प्रकार आहे. प्रत्यक्षात खणणाऱ्याला असे मधले उत्तर नकोच असते. त्याला हवा असतो अजून न खणलेल्या खडकाचा अंदाज. तो प्रश्न परीक्षेत आलेलाच नसतो.

दुसरी चूक जरा आतली आहे. १९६५ साली टील यांनी विशिष्ट ऊर्जेची कल्पना मांडली. एक घनमीटर खडक काढण्यासाठी किती ऊर्जा खर्च झाली, तो हा आकडा. ज्यूल म्हणजे न्यूटन गुणिले मीटर. त्याला घनमीटरने भागले की उरते न्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे पास्कल. ऊर्जेचा हा आकडा दाबाच्याच एककात येतो आणि खोदाई उत्तम चालली असेल तर तो खडकाच्या ताकदीच्या आसपास असावा, ही त्यातील गंमत. उदाहरणादाखल २२ सेंटिमीटर व्यासाचे बिट १०० किलोवॅट शक्ती वापरून तासाला १० मीटर खणते असे समजा. तासाला ३६० मेगाज्यूल ऊर्जा लागली आणि ०.३८ घनमीटर खडक निघाला. भागाकार येतो सुमारे ९५० मेगापास्कल. खडकाची ताकद २०० असेल, तर जवळजवळ चार-पंचमांश ऊर्जा खडक फोडण्याखेरीज इतरत्र, हादऱ्यांत आणि घर्षणात, गेली. तितक्याच शक्तीत वेग दुप्पट झाला, तर हा आकडा निम्मा होईल. नववी-दहावीच्या वर्गात हे गणित सहज करून घेता येईल.

काही प्रबंधांत हीच विशिष्ट ऊर्जा संगणकाला माहिती म्हणून पुरवलेली असते आणि त्याच्याकडून खोदाईचा वेग काढून घेतलेला असतो. पण विशिष्ट ऊर्जा काढताना छेदात वेगच होता! शक्ती आणि विशिष्ट ऊर्जा दोन्ही दिल्यावर वेग काढायला साधा भागाकार पुरतो. त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता कशाला हवी?

तिसरी चूक कार्यकारणाची. हादरे वाढले की अनुभवी ड्रिलर बिटवरचे वजन कमी करतो. नोंदवहीत मग कमी वजन आणि कमी वेग शेजारी-शेजारी दिसतात. संगणक त्यावरून शिकतो की वजन वाढवले म्हणजे वेग वाढेल. खरे कारण होते खालचा थर आणि त्यातून उठलेले हादरे. संगणकाचा सल्ला मानून तिथे वजन वाढवले, तर बिट फुटू शकते. अशा वेळी संगणक खडक शिकलेला नसतो, माणसाची सवय शिकलेला असतो.

मी हे वरच्या पायरीवरून सांगत नाही. माझ्या स्वतःच्या पीएच.डी.च्या काळात मी एकाच खाणीतल्या नमुन्यांवर असेच काम केले होते. आकडे इतके सुंदर आले की मी आणि माझे मार्गदर्शक दोघेही खूश होतो. पुढे दुसऱ्या खाणीतले नमुने आणले, तेव्हा सगळे अंदाज कोसळले. त्या निष्फळ प्रयोगाचे प्रकरण मी प्रबंधात घातले नाही. आज वाटते, घालण्याजोगे तेच एक प्रकरण होते.

याउलट एक चांगले उदाहरण पाहू. अमेरिकेत युटा राज्यात मिलफर्ड गावाजवळ 'फोर्ज' नावाचे प्रयोगक्षेत्र आहे. तेथील ऊर्जा विभागाच्या निधीवर ते युटा विद्यापीठाने चालवले. २०१७ साली तेथे सुमारे २३०० मीटरची विहीर खणली गेली. २०२०-२१ मध्ये सुमारे ३३५० मीटर लांबीची, पुढे उभ्या रेषेपासून ६५ अंश कलणारी विहीर झाली आणि २०२३ मध्ये तिची जोडीदार. कृत्रिम हिऱ्याच्या चकत्या बसवलेले बिट ग्रॅनाइटमध्ये टिकत नाही, अशी समजूत तोवर रूढ होती. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या गटाने खोदाई करणाऱ्यांना शिकवले ते एवढेच: विशिष्ट ऊर्जेचा आकडा पडद्यावर पाहत राहा, तो चढला की ऊर्जा कुठे वाया जाते ते शोधा, हादरे आहेत की बिट झिजले आहे ते ठरवा आणि ते कारण दूर करा. विहिरीगणिक वेग वाढत गेला. यामागे होते टील यांचे जुने समीकरण आणि यंत्रावर उभ्या असलेल्या माणसांचे प्रशिक्षण. फोर्जच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत, त्यामुळे अनेक संशोधक त्याच वापरतात. मात्र त्या विहिरी वेगाने कशा खणल्या गेल्या, याची चर्चा त्यांच्या लेखनात क्वचितच असते.

याचा अर्थ कृत्रिम बुद्धिमत्ता इथे निरुपयोगी आहे असा नाही. हादऱ्यांचा प्रकार ओळखणे, बिट झिजू लागल्याची सूचना वेळेवर देणे, बिघडलेल्या संवेदकाच्या नोंदी बाजूला काढणे, ही कामे ती न थकता करू शकते. फक्त तिची परीक्षा नीट घेतली पाहिजे. प्रबंध वाचताना मी आता तीन प्रश्न विचारतो. एक, परीक्षेसाठी एक पूर्ण विहीर बाजूला ठेवली होती का? दोन, 'मागच्या मीटरला होता तेवढाच वेग पुढच्या मीटरला' हा बाळबोध नियम याच परीक्षेत किती गुण मिळवतो? तीन, दिलेल्या सल्ल्यानुसार कोणी प्रत्यक्ष खणून पाहिले का? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असले तरी मी समजून घेतो. विद्यार्थ्याला यंत्र कोण देणार? पण पहिल्या दोन प्रश्नांना पैसे लागत नाहीत. त्यांची उत्तरे नसली, तर दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. मोठा आकडा पाहून समाधान मानणारे मार्गदर्शक आणि आम्ही परीक्षकही त्यात वाटेकरी आहोत.

आपल्या देशात हा प्रश्न लवकरच प्रत्यक्ष समोर येईल. लडाखमधील पूगा खोऱ्यात भूऔष्णिक विजेसाठी २०२१ साली ओएनजीसीच्या ऊर्जा केंद्राने स्थानिक प्रशासनाशी करार केला. महाराष्ट्रात कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी २०१७ साली तीन किलोमीटर खोल विवर पूर्ण झाले. त्यात आधी सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट लागला आणि मग ग्रॅनाइट-नाइस. युटाच्या ग्रॅनाइटवर शिकलेले प्रारूप पूगात किंवा बेसाल्टच्या थरांत तसेच चालेल, असे गृहीत धरून कोणी यंत्र लावले, तर चुकीची किंमत प्रबंधाच्या गुणांत मोजावी लागणार नाही. ती तुटलेल्या बिटांत आणि अर्धवट सोडलेल्या विहिरींत मोजावी लागेल.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. आठवडाभर शाळेच्या वेळात दर तासाला तापमापीची नोंद घ्यावी. मग तक्त्यातील काही आकडे मधून मधून झाकून मुलांना ओळखायला सांगावेत. जवळजवळ सगळे बरोबर येतील. नंतर शेवटचा पूर्ण दिवस झाकावा आणि तोच प्रश्न विचारावा. दोन्ही वेळच्या चुकांची सरासरी मुलांनाच काढू द्यावी. त्या दोन सरासऱ्यांमधला फरक ज्या मुलाला कळला, तो पुढे संशोधनाकडे वळला तर आपल्या प्रबंधासाठी विहीर बाजूला ठेवायला विसरणार नाही.