नकाशातला चौकोन आणि त्यातली माणसं

आज आपण एका नकाशाची समीक्षा करणार आहोत. कवितेची, कादंबरीची समीक्षा होते, मग नकाशाची का नको? नकाशासुद्धा काहीतरी म्हणत असतो आणि म्हणताना काही गाळत असतो.

नकाशा पश्चिम घाटाचा. माधव गाडगीळ समितीने ऑगस्ट 2011 मध्ये अहवाल दिला. तो लोकांसमोर यायला 2012 चा मे महिना उजाडला, तोही माहिती अधिकार आणि दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेल्यावर. समितीने भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे आपलं जीआयएस, वापरून घाटाचे साधारण 9 गुणिले 9 किलोमीटरचे चौकोन पाडले. प्रदेशनिष्ठ वनस्पती, वनाच्छादन, उंची, उतार अशा निकषांवर प्रत्येक चौकोनाला गुण दिले, त्यांची सरासरी काढली आणि संवेदनशीलतेचे तीन स्तर ठरवले.

पद्धत उघड आहे, कुणालाही तपासता येते. हा तिचा मोठा गुण. पण आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, आम्हाला त्या 'सरासरी'पाशी अडखळायला होतं. समजा, एका चौकोनाला उंचीचे 9 आणि वनस्पतींचे 3 गुण मिळाले, दुसऱ्याला बरोबर उलटे. दोघांची सरासरी 6. म्हणजे दुर्मीळ वनस्पतीची उणीव डोंगराच्या उंचीने भरून निघते, असं आपण न बोलता मान्य केलं! हा निर्णय यंत्राचा नाही, माणसाचा आहे. यंत्र फक्त बेरीज करतं.

कोकणातला कातळसडा घ्या. उंची बेताची, उतार नाही, झाडी नाही. तीन रकान्यांत तो मागे पडणार. पावसाळ्यात त्याच सड्यावर फुलं येतात, डबकी भरतात, गुरं चरतात. सरकारी कागदावर मात्र तो बऱ्याचदा 'पडीक'.

पुढे कस्तुरीरंगन गटाने 2013 मध्ये उपग्रहाची चित्रं घेतली. एक ठिपका साधारण 24 मीटरचा, म्हणजे साडेपाच-सहा गुंठे. तपशील कितीतरी वाढला. पण त्यांनी जमीन 'नैसर्गिक' आणि 'सांस्कृतिक' अशी विभागली आणि संवेदनशील क्षेत्र नैसर्गिक भागातून काढलं. ते भरलं घाटाच्या सुमारे 37 टक्के. आता सांगा, गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली देवराई कुठल्या रकान्यात घालायची? ती नैसर्गिक आहे, कारण तिथे कुऱ्हाड लागली नाही. आणि कुऱ्हाड लागली नाही, कारण गावाने तसं ठरवलं. वरून झाड दिसतं, ठराव दिसत नाही.

इथे न्यायाचा प्रश्न येतो. नकाशावर रंग चढला की बंधनं येतात. ती कुणाच्या वाट्याला? खाणवाल्याच्या, की चार गुंठ्यांत नाचणी लावणाऱ्या बाईच्याही? गुणांच्या तक्त्यात हा रकानाच नव्हता. गाडगीळांवर अन्याय नको: अंतिम सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात, असं त्यांच्या अहवालात स्पष्ट आहे. झालं असं, की नकाशा गावात आधी पोहोचला आणि संवाद मागेच राहिला. लोकांनी रंग पाहिला आणि भ्याले. मार्च 2014 पासून जुलै 2024 पर्यंत केंद्राने अधिसूचनेचे सहा मसुदे काढले, यातच सगळं आलं.

मग जीआयएस टाकून द्यायचं का? मुळीच नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. जंगलाची सीमा आपणच सांगायची आणि राखायचीही आपणच, हे त्या गावाने दाखवून दिलं. तीच सीमा यंत्रात भरता येते. घाटाच्या नकाशावरही आणखी थर चढवता येतात: पाणी कोण भरतं, कुणाची गुरं कुठे चरतात, कुणाच्या नावावर सातबारा आहे आणि कुणाच्या नाही. हे सगळं मोजता येणार नाही, हे खरं. पण जे मोजता येत नाही ते विचारता तर येतं!

आमचा आक्षेप एवढाच: मूल्य कुठे आहे हे नकाशा दाखवू शकतो, ते कुणी कुणासाठी सांभाळायचं, हे तो ठरवू शकत नाही. ते ठरवायला त्या चौकोनातल्या माणसांसोबत बसावं लागतं, तेही रंग भरण्याआधी.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.