खुनी कोण, हे गावाला ठाऊक असतं

युरोपातल्या गुन्हेकथा आपल्या पोरांनी वाचाव्यात का? जरूर वाचाव्यात. बेगडेवाडीहून लोकल पकडली की पुणं येईस्तोवर दोन प्रकरणं होतात. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांनी मराठी माणसाला हा नाद लावलाच आहे. पण वाचताना एक सवाल जवळ ठेवा : लेखक संशय कुणावर घेतो?

शेरलॉक होम्सची ‘द साईन ऑफ फोर’ १८९० ची. त्यात विषारी काटा फुंकून माणूस मारणारा कोण? अंदमानचा आदिवासी. त्याच्या तोंडावळ्यावरच लेखकानं क्रौर्य लिहून टाकलंय. हे आभाळातून पडलं नाही. १८७१ साली इंग्रजानं आपल्याकडं गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. पोर आईच्या पोटातच गुन्हेगार! रोजची हजेरी, परवान्याशिवाय हलायचं नाही. कायदा १९५२ ला गेला. डोक्यातून गेला का? चोरी कुठंही होवो, धाड पहिली पारध्याच्या पालावर.

म्हणून स्वीडनच्या हेनिंग मांकेलची १९९१ ची कादंबरी आपल्याला जवळची वाटते. तिच्या नावाचा अर्थ ‘चेहरा नसलेले खुनी’. खेड्यातलं म्हातारं जोडपं मारलं जातं. मरताना म्हातारी एकच शब्द बोलते : परदेशी. एवढं पुरतं. बातमी फुटते, निर्वासितांच्या छावणीवर हल्ला होतो, वाटेनं जाणाऱ्या सोमाली माणसाला गोळी घालतात. संशयाची जात कशी तयार होते, हे मांकेल नीट दाखवतो. पण कादंबरी शेवटी दमलेल्या गोऱ्या पोलिसाचीच राहते. मेलेल्या सोमाली माणसाच्या घरात ती शिरत नाही.

त्याच्याही आधी, १९६५ ते ७५ मध्ये, मय शोवाल आणि पेर वालो या स्वीडिश जोडप्यानं दहा कादंबऱ्या लिहिल्या. गुन्हा एकट्या माणसाचा नसतो, व्यवस्थेचा असतो, हे त्यांनी ठासून मांडलं. दहाव्या पुस्तकाचा शेवटचा शब्द आहे मार्क्स! याच नावाच्या वादात १९७४ ला आपली पँथर फुटली. त्यांना वर्ग दिसला. जात दिसायला त्यांच्यापुढं आपलं गाव नव्हतं.

आणि इथंच युरोपचा साचा आपल्याला अपुरा पडतो. तिथली गोष्ट चालते ती खुनी ठाऊक नसतो म्हणून. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले. रहस्य काय होतं त्यात? गावासमोर झालं सगळं. २००८ ला शिक्षा झाल्या, पण अ‍ॅट्रॉसिटीचं कलम कोर्टात टिकलं नाही. खून सापडला, खुनी सापडले, जात तेवढी सापडली नाही!

दोस्तांनो, आपली गुन्हेकथा इथून सुरू होते. पहिल्या पानावर खुन्याचं नाव लिहा. मग पुढची तीनशे पानं शोध घ्या : गाव गप्प का बसलं, पंचनामा कुणी लिहिला, कुठलं कलम कुणी गाळलं. असला तपास करणारा डिटेक्टिव्ह युरोपातून आयात होणार नाही. तो आपल्याच वस्तीतून उठला पाहिजे.