प्रयोग पाहावा की ऐकावा?

‘नाटकात एम.ए. करून पुढे काय?’ हा प्रश्न आपल्या मंडळाच्या जेवणावळीत हल्ली अधूनमधून ऐकू येतो. डॉक्टर-इंजिनिअर आईबापांची इथे वाढलेली मुले पदवीनंतर ‘परफॉर्मन्स स्टडीज’ नावाच्या विषयाकडे वळू लागली, की घरात काळजी सुरू होते. फी भरणाऱ्यांनी तो प्रश्न विचारावाच. पण त्याआधीचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही : तिथे शिकवतात ते नक्की काय, आणि त्यात आपल्या नाटकाला जागा कुठे? माझ्या लेकीने हा विषय घेतला तेव्हा तिच्या पाठोपाठ तिची पुस्तके मीही वाचली. त्या वाचनातून झालेले मत इथे मांडतो.

न्यूयॉर्क विद्यापीठात १९८० साली या नावाचा स्वतंत्र विभाग झाला. त्याचे प्रमुख शिल्पकार रिचर्ड शेक्नर हे मुळात दिग्दर्शक. मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांच्याशी झालेल्या देवाणघेवाणीतून त्यांची भूमिका घडत गेली. नाटक हा प्रयोगाचा केवळ एक प्रकार. पूजाविधी, मिरवणूक, खेळ, कोर्टातली साक्ष हेही प्रयोगच, असे ते मानतात. मराठी माणसाला हे फारसे नवे वाटू नये. आपण नाटक लिहितो आणि त्याचा ‘प्रयोग’ करतो. संहिता वेगळी आणि प्रयोग वेगळा, हा भेद आपल्या भाषेत आधीपासून मुरलेला आहे.

शेक्नर यांची सर्वांत उपयोगी कल्पना म्हणजे पूर्वी घडलेले वर्तन सुटे करून पुन्हा मांडणे. त्यांच्या मते प्रत्येक प्रयोग असाच पुन्हा जुळवलेला असतो. अस्सल मूळ प्रत अशी कुठे जपून ठेवलेली नसते. हे वाचल्यावर आपल्याकडचा सोयीचा शनिवार पाहून साजरा होणारा गणेशोत्सव आणि हायस्कूलच्या पार्किंग लॉटमधली लेझीम मला निराळी दिसू लागली. ती पुण्याची फिकी नक्कल नाही. परक्या मुलखात नव्याने जुळवलेला तो एक पुरा प्रयोग आहे. आपल्या मुलांना हे विद्यापीठात शिकायला मिळत असेल, तर ती फी सगळी वाया गेली असे म्हणवत नाही.

माझी तक्रार पुढे सुरू होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात शेक्नर यांनी ‘रसबॉक्स’चा व्यायाम मांडला. जमिनीवर नऊ चौकोन आखायचे, मधला शांतरसाचा, बाकीचे भरताच्या आठ रसांचे. नटाने एका चौकोनातून दुसऱ्यात जात देह आणि श्वास बदलायचा. नटाच्या तालमीला हे उत्तम. पण नट ज्यात शिरतो तो भाव. रस हा, अभिनवगुप्ताच्या विवेचनाप्रमाणे, सहृदय प्रेक्षकाच्या ठायी प्रकटतो. चौकोनांत प्रेक्षकाला जागाच नाही. शिवाय भरताने आंगिकाच्या जोडीला वाचिक अभिनयही सांगितला आहे, आणि त्यासाठी छंद, स्वर, भाषा यांवर अध्याय खर्ची घातले आहेत. शब्द या व्यायामात फार मागे राहतो.

शेक्नर यांनी अनेक वर्षे अभ्यासलेल्या रामनगरच्या रामलीलेचे उदाहरण घ्या. काशीसमोर, गंगेपलीकडे, सुमारे महिनाभर ती चालते. गावातच अयोध्या, जनकपूर, लंका वसवलेल्या असतात आणि प्रेक्षक लीलेमागून चालत जातात. या स्थळरचनेचे त्यांचे विवेचन वाचण्यासारखे आहे. पण रामायणी मंडळी तुलसीदासांचे ‘मानस’ गात असतात आणि कित्येक भाविक पोथी हातात धरून ओळी जुळवत असतात. हेही त्यांनी नोंदवले आहे. तरी सिद्धान्ताचा भार पडतो तो चालण्यावर, ऐकण्यावर नाही. रुस्तम भरुचा यांनी या आंतर-सांस्कृतिक रंगभूमीवर केलेली टीका प्रसिद्ध आहे : देणाऱ्याचा संदर्भ पुसून घेणारा श्रीमंत होतो. माझा मुद्दा त्याहून साधा आहे. भाषा न शिकता प्रयोग शिकला, तर डोळे भरतात आणि कान रिकामे राहतात.

याच विषयाची दुसरी शाखा शिकागोजवळ नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वाढली. तिचे मूळ वक्तृत्व आणि साहित्यवाचनाच्या शिक्षणात आहे. तिथल्या ‘इंटरप्रिटेशन’ विभागाला १९८० च्या दशकात हे नवे नाव मिळाले. तिथले ड्वाइट काँकरगुड १९८५ साली थायलंडमधल्या बान विनाई छावणीत हमोंग निर्वासितांबरोबर राहिले आणि त्यांच्याच लोककथा, म्हणी, गाणी घेऊन आरोग्याचे प्रयोग उभे केले. ही वाट मला आपल्या कीर्तनाच्या अधिक जवळची वाटते. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. एकटे बुवा सगळी पात्रे होतात आणि लगेच बाहेर येऊन अर्थ सांगतात. अभ्यास आणि प्रयोग तिथे एकाच तोंडून बोलतात.

हे सगळे दूरचे वाटत असेल, तर आपल्या मंडळाचे नाटक आठवा. इथे वाढलेली आपली मुले रोमन लिपीत लिहिलेले संवाद पाठ करतात. हालचाल चोख, वेशभूषा चोख, टाळ्याही मिळतात. पण विनोदाची जागा त्यांना कळलेली नसते, कारण शब्दाचे वजन माहीत नसते. शेक्नर यांच्या चष्म्यातून हा प्रयोग पुरा ठरेल. माझ्या कानाला तो अर्धा वाटतो.

म्हणून या अभ्यासाला निघालेल्या मुलांना नाही म्हणू नका. प्रवेश घेताना मात्र एवढे विचारायला सांगा, की अभ्यासक्रमात भाषेला किती तास आहेत. पुणे विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे. जीवरसायनशास्त्रातून आलेले नाटककार सतीश आळेकर १९९६ ते २००९ या काळात त्याचे प्रमुख होते. प्रबंधासाठी मराठी रंगभूमी निवडणाऱ्याने काही महिने तिकडे काढावेत, तालमी ऐकाव्यात. आणि मंडळाच्या पुढच्या नाटकात उभ्या तालमीआधी चार आठवडे नुसते वाचन ठेवावे, आजी-आजोबांना शेजारी बसवून. एवढे तर आपल्याच हातात आहे.