सामंतच्या साक्षीकडे कोण पाहणार?

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ साली रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. तेव्हापासून त्यावर मराठीत भरपूर लिहिलं गेलं, पण बहुतेक लेखन मुंबई-पुण्याच्या प्रेक्षागृहात बसून झालं. नाटक मात्र घडतं मुंबईबाहेरच्या एका गावच्या सभागृहात. पेणचा किंवा रोह्याचा वाचक ते हातात घेतो तेव्हा ही जागा त्याला ओळखीची वाटते. एका संध्याकाळपुरती शहरातून मंडळी येतात, प्रयोग करतात आणि रात्रीच परत जातात. नाटकातली अशीच मंडळी तिथे आपल्यातल्याच बेणारेवर खेळातला खटला चालवतात.

सर्वांत जास्त वाचन झालं ते स्त्रीवादी अंगाने, आणि ते योग्यच झालं. बेणारे ही अविवाहित शिक्षिका गरोदर आहे, जबाबदार असलेले प्रोफेसर दामले नाटकभर येतच नाहीत, आणि तिचं दीर्घ स्वगत चालू असताना इतर पात्रं गोठून उभी असतात. तिचं म्हणणं कोर्टाच्या कानावर जात नाही, हे या समीक्षेने नेमकं दाखवलं. महाविद्यालयीन टिपणांत मात्र त्याचं ‘बेणारे ही समाजाची बळी’ एवढंच उरलं. पहिल्या अंकात सोबत्यांच्या अपयशावर नेमकं बोट ठेवणारी, हसरी, तिखट बेणारे त्यात हरवते.

वर्गीय दृष्टीने पाहिलं तर कोर्टात बसलेला प्रत्येकजण कुठे ना कुठे हरलेला दिसतो. सुखात्मेची वकिली चालत नाही, पोंक्षेचं शिक्षण अडलेलं आहे, रोकडे काशीकरांच्या आश्रयावर जगतो. एका नोकरदार बाईला खाली ओढण्यात त्यांना आपली उंची सापडते.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते कायद्याच्या अंगाने केलेलं वाचन, आणि तेच आपल्याकडे कमी झालं. आरोप भ्रूणहत्येचा आहे आणि शिक्षाही तीच, गर्भ नष्ट करण्याची. गर्भपाताला मर्यादित मुभा देणारा कायदा १९७१ साली झाला. म्हणजे पहिल्या प्रयोगाच्या वेळी हे खेळातलं कोर्ट ज्याला गुन्हा म्हणतं, त्याचाच हुकूम देत होतं. न्यायाधीश काशीकर स्वतःच साक्ष द्यायला उठतात, फिर्यादीचा आणि बचावाचा वकील एकच माणूस असतो, शपथ ऑक्सफर्डच्या शब्दकोशावर घेतली जाते. हे सगळं वास्तववादी नेपथ्यात घडतं, आणि दाराची कडीसुद्धा त्यात काम करते. सुरुवातीला तिच्यात बेणारेचं बोट सापडतं, पुढे बेणारे निघू पाहते तेव्हा दार बाहेरून बंद झालेलं असतं.

आणि सामंत. हा गावचा साधा, भिडस्त माणूस. साक्षीदार कमी पडला म्हणून त्याला उभं करतात. साक्षीत काय सांगायचं ते सुचत नाही, म्हणून तो हातातल्या कादंबरीतला प्रसंग दामल्यांच्या खोलीत घडल्यासारखा सांगतो, आणि बनावट खटल्याला त्यातूनच धार येते. त्याच्या मनात वाईट काही नाही. तरीही शहरी मंडळींच्या क्रौर्याला सर्वांत उपयोगी पडतो तो हाच. गावचा साक्षीदार शहराच्या सूडाला कसा कामी येतो, हा प्रश्न समीक्षेने पुरेसा विचारलेला नाही.

‘वाडा चिरेबंदी’च्या वाट्याला असं दुर्लक्ष आलं नाही. विजया मेहतांनी १९८५ साली महेश एलकुंचवारांचं हे नाटक केलं, आणि वाचकांनी विदर्भाची जमीन, मोडकी घराणी, अंगणातला बंद ट्रॅक्टर सगळं लक्षात घेतलं. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्येही गिरणगाव वाचला गेला. ‘शांतता!’तलं गाव बिननावाचं आहे, म्हणून ते सुटलं.

पेण-रोह्यात नाटक बसवणाऱ्या हौशी मंडळींना माझी एक विनंती आहे. ‘शांतता!’ची संहिता घ्या आणि तालमीची सुरुवात बेणारेच्या स्वगतापासून करू नका. सामंतच्या साक्षीपासून करा, आणि ती भूमिका तुमच्यातल्या सर्वांत जाणत्या नटाला द्या.