गॅरस मला सोडून जहाजावर कसा गेला?

मार्च २०१२. कॅनडातल्या एडमंटन शहरात बायोवेअर या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात चारशेच्या आसपास कपकेक येऊन धडकले. वरचं आयसिंग तीन रंगांचं: लाल, निळं, हिरवं. चव मात्र सगळ्यांची एकच, व्हॅनिला. पाठवणारे होते 'मास इफेक्ट ३'चे चाहते. म्हणणं असं, की तुमच्या गेमचे तीन शेवटही असेच आहेत, रंग वेगळे आणि आत तेच. (कंपनीने कपकेक तरुणांसाठीच्या एका निवाऱ्याला देऊन टाकले. एखादा खाल्ला असता तर काय बिघडलं असतं?)

त्या तीन रंगांवर गेल्या काही वर्षांत भरपूर लिहून झालंय. त्याच गदारोळात एक दुसरी तक्रार होती, जिची थट्टाच जास्त झाली: आमच्या प्रेमकथेचं काय केलंत? गेममधल्या निळ्या, खवल्यांच्या, मास्क घातलेल्या पात्रांवर जीव लावणाऱ्यांची तक्रार म्हणून ती उडवून लावणं सोपं होतं. मला वाटतं तीच तक्रार जास्त नेमकी होती. माझा विषय रसायनशास्त्र आहे, मानसशास्त्रात मी पाहुणी, पण या तक्रारीकडे बघायला उपयोगी पडतील असे दोन जुने प्रयोग आहेत. आज त्यांच्याबद्दल.

ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००७, २०१० आणि २०१२ असे तीन भाग. तुम्ही कमांडर शेपर्ड, बाई किंवा पुरुष, जे निवडाल ते. रीपर्स नावाची अजस्र यंत्रं आकाशगंगेतल्या प्रगत संस्कृती संपवायला येताहेत आणि तुम्हाला ते थांबवायचंय. पहिल्या भागात घेतलेला निर्णय दुसऱ्यात आणि तिसऱ्यात बरोबर येतो, कारण तुमची सेव्ह फाइल पुढच्या गेममध्ये नेता येते. जहाजावरच्या सोबत्यांपैकी कुणाशी तरी प्रेम जमू शकतं. त्यासाठी प्रत्येक मोहिमेनंतर त्याच्या खोलीत जाऊन बोलायचं, त्याच्या अडचणी सोडवायच्या, योग्य वेळी योग्य उत्तर द्यायचं. तिन्ही भाग नीट खेळले तर शंभरेक तास सहज जातात. माझी शेपर्ड बाई होती आणि जोडीदार गॅरस, टुरियन नावाच्या परग्रही जमातीतला एक माजी पोलीस. नेमबाज आहे आणि विनोद फारसे जमत नाहीत. फार गोड आहे.

आता शेवटची दहा मिनिटं बघा. लंडनमध्ये अंतिम हल्ल्याआधी जोडीदाराशी निरोपाचं बोलणं होतं. गॅरसचं बोलणं चाहत्यांना अजून तोंडपाठ आहे. आपण दोघंही मेलो तर वरच्या बारमध्ये भेटू, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलतो. मग तुम्ही दोन सोबती घेऊन प्रकाशाच्या झोताकडे धावत सुटता. त्यात गॅरस असू शकतो, आणि बहुतेकांनी आपल्या माणसालाच बरोबर घेतलं होतं. रीपरचा किरण येतो, सगळं पांढरं होतं. शुद्धीवर येता तेव्हा तुम्ही एकटे. पुढे जाऊन तीन रंगांपैकी एक निवडता. निवडताना डोळ्यांसमोरून काही चेहरे झर्रकन सरकतात, त्यात एक जोडीदाराचा. मग तुमचं जहाज नॉर्मंडी कुठल्याशा हिरव्या ग्रहावर आदळतं, दार उघडतं, आणि आतून पायलट जोकरच्या मागोमाग चक्क गॅरस बाहेर येतो!

अहो, पाच मिनिटांपूर्वी तो माझ्या शेजारी धावत होता. तो जहाजावर कधी चढला? मला मेलेली समजून? की मला सोडून?

या प्रसंगाला तेव्हा कथेतली चूक म्हटलं गेलं, आणि चूक ती होतीच. पण कथेतल्या चुका आपण रोज माफ करतो. ही पोटात लागली, कारण अर्थ असा निघत होता की ज्याच्याशी तुम्ही तीन भाग संसार मांडला तो ऐनवेळी पळाला. लेखकांच्या मनात तसं काहीच नसणार. गॅरस तुमच्या बाजूला होता, आणि तुमचा कोण होता, एवढंच गेम विसरला.

मग वरातीमागून घोडं आलं. जून २०१२ मध्ये कंपनीने 'एक्स्टेंडेड कट' नावाची वाढीव आवृत्ती फुकट दिली. शेवट बदलला नाही. तीन रंग तेच राहिले, शेपर्डचं मरणही तेच. वाढले ते काही छोटे प्रसंग. त्या धावाधावीत आता बरोबरचे सोबती जखमी होतात, शेपर्ड नॉर्मंडीला बोलावते आणि जोडीदाराला बळजबरीने जहाजावर चढवते. तो नाही म्हणतो, ती ऐकत नाही. आणि अगदी शेवटी, जहाजावरच्या स्मृतिभिंतीशी सगळे जमतात तेव्हा शेपर्डच्या नावाची पट्टी जोडीदाराच्या हातात असते. रीपर्सना नष्ट करायचं निवडलं असेल आणि सैन्यबळ पुरेसं असेल तर तो पट्टी लावता लावता थांबतो आणि वर बघतो. मग पुढचं दृश्य: ढिगाऱ्यात कुणीतरी श्वास घेतं.

इथे पहिला प्रयोग. १९९३ मध्ये डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना थंड पाण्यात हात बुडवायला लावले. एकदा १४ अंशांच्या पाण्यात ६० सेकंद. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. १५ अंशही काही सुखाचे नसतात, आणि दुसऱ्या खेपेत एकूण त्रास उघडच जास्त. तरी यातलं कुठलं परत कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेली दुसरी खेप निवडली. आठवण बनताना काळाची लांबी फारशी मोजली जात नाही, वजन पडतं ते सगळ्यात तीव्र क्षणाला आणि शेवटाला, असा त्यातून काढलेला निष्कर्ष. एक्स्टेंडेड कट म्हणजे ते वाढीव ३० सेकंद. पाणी गारच राहिलं, फक्त किंचित कोमट होत संपलं. शंभर तासांच्या गेममधले दोन-तीन मिनिटांचे प्रसंग, पण माझ्या ओळखीतल्या बऱ्याच खेळणाऱ्यांचं मत तेवढ्यानेच निवळलं.

पण माझं समाधान या स्पष्टीकरणाने पूर्ण होत नाही. पाण्याच्या प्रयोगात नळ कुणाच्याच हातात नव्हता. गेममध्ये खेळणाऱ्याची समजूत अशी, की नळ मी फिरवतोय. दूरदर्शन मालिकेतलं आवडतं पात्र जाणार म्हटल्यावर प्रेक्षकांना काय वाटतं, यावर इस्रायलमध्ये जोनाथन कोहेन यांनी केलेला अभ्यास २००४ मध्ये आला. पात्राशी नातं जितकं घट्ट तितका अपेक्षित दुरावा जास्त, असं त्यात दिसतं. ठीक. पण मालिकेच्या प्रेक्षकाने ते नातं मेहनत करून जमवलेलं नसतं.

म्हणून दुसरा प्रयोग, जो योगायोगाने २०१२ मध्येच छापून आला. मायकल नॉर्टन, डॅनियल मोचोन आणि डॅन एरिली यांचा 'आयकिया इफेक्ट'. सुटे भाग घरी आणून स्वतः जोडायचं फर्निचर विकणारी ती कंपनी, तिच्यावरून नाव. लोकांना खोकी जोडायला, कागदाचे बेडूक-बगळे घडवायला, लेगोचे संच रचायला दिले. स्वतः केलेल्या वस्तूला लोक जास्त किंमत द्यायला तयार होतात, हे सगळ्यांना माहीत असलेलं अर्धं. उरलेलं अर्धं फारसं कुणी सांगत नाही: रचलेली वस्तू परत मोडून ठेवली, किंवा जोडणी अर्धवट राहिली, तर तो जास्तीचा जीव नाहीसा होतो. नुसत्या कष्टांनी माया जडत नाही. कष्ट पुरे झालेले आणि टिकलेले दिसावे लागतात.

हा प्रयोग गेमवर झालेला नाही, तो मी ओढून इथे आणतेय. पण बसतो चपखल. गेममधलं प्रेम हे शेवटी जोडणीचंच काम आहे: बोल, भेट दे, काम कर, पुढचा संवाद उघड. शंभर तास जोडणी केल्यावर खेळणारा विचारतो, खोकं कुठंय? आणि गेम म्हणतो, हा घ्या हिरवा रंग. सगळं मुसळ केरात.

यावरून मला वाटतं की चाहत्यांना गोड शेवट हवा होता ही समजूत चुकीची आहे. त्याच गेममधली दोन पात्रं शेजारी ठेवून बघा. थेन हा आजारी मारेकरी. आपण मरणार हे तो दुसऱ्या भागातच सांगतो. तिसऱ्यात तो मरतोच, तुम्ही काहीही करा. हॉस्पिटलात त्याचा मुलगा प्रार्थना म्हणतो, शेपर्डही म्हणते, आणि मग कळतं की त्यातलं शेवटचं मागणं त्याने स्वतःसाठी नाही, तिच्यासाठी केलं होतं. लोक रडले, पण हा प्रसंग वाईट आहे असं फारसं कुणी म्हटलं नाही. तक्रार पुढची होती: जहाजावर परत आल्यावर जिचा माणूस गेला तिची विचारपूस म्हणावी तशी कुणी करत नाही. मार्च २०१३ च्या 'सिटाडेल' या विकतच्या पुरवणीत थेनसाठी छोटी शोकसभा आली. एवढंच हवं होतं, सुतक पाळायला जागा.

दुसरा जेकब. दुसऱ्या भागात त्याच्याशी प्रेम जमवलंत तर तिसऱ्यात तो भेटतो तेव्हा दुसऱ्या बाईबरोबर असतो आणि ती गरोदर असते. तुम्ही कसे वागलात, काय बोललात, कशाचाही फरक पडत नाही. माणसं प्रतारणा करतात, त्याची गोष्ट जरूर सांगावी. पण ही गोष्ट नाही, ही नोंद आहे. त्यात या गेममधल्या मोजक्या काळ्या पुरुषांपैकी एकाच्या वाट्याला नेमकी हीच नोंद यावी, हा आळस मला साधा वाटत नाही. जेकब जिवंत आहे, सुखी आहे. थेन मेला. तरी तोंडाला पानं पुसली गेली ती जेकबवाल्यांच्या.

कंपनीची बाजूही खरी आहे, आणि ती साध्या गुणाकाराची आहे. दहा संभाव्य जोडीदार धरा. प्रत्येक जिवंत किंवा मेलेला. तीन शेवट. शेपर्ड बाई किंवा पुरुष. १० गुणिले २ गुणिले ३ गुणिले २, झाले १२० शेवट, आणि हे बाकीचे शेकडो निर्णय सोडून. प्रत्येकाचं स्वतंत्र दृश्य लिहायचं, आवाज ध्वनिमुद्रित करायचा, हालचाली करायच्या, तर गेम कधी बाहेरच पडणार नाही. म्हणून शेवटाकडे येताना फांद्या छाटाव्याच लागतात.

पण स्मृतिभिंतीचा प्रसंग बघा. कॅमेरा, भिंत, पट्टी, सगळं तेच. फक्त हातात पट्टी धरणारा माणूस बदलतो. गाळलेली जागा भरण्यापलीकडे त्यात काही नाही, १२० ची गरज पडत नाही. तरी ते चालतं, कारण ज्या एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं ते त्यात आहे: माझ्यामागे माझं कोण? (मिरांडा किंवा जॅक अशा जहाजावर नसलेल्यांशी जुळवलेल्यांना इथेही हात हलवत परत यावं लागतं. तिथे कंपनीने हात आखडता घेतला.) म्हणजे स्वस्तातला उपाय उपलब्ध होता. पहिल्या खेपेस तो कुणाला सुचला नाही, कारण शेवट लिहिताना आकाशगंगेचं काय होतं याची चिंता होती आणि प्रेमकथा हा वरचा मसाला समजला गेला.

टालीच्या फोटोची गोष्ट याच जातीची. टाली सदैव मास्कमध्ये असते, तिच्या जमातीला मोकळ्या हवेतले जंतू सोसत नाहीत. दोन अख्खे भाग तिचा चेहरा दाखवला नाही. तिसऱ्यात तिच्याशी प्रेम जमवलंत तर पलंगाशेजारी तिचा फोटो दिसतो. चाहत्यांनी काही दिवसांत शोधून काढलं, की तो फोटोंच्या दुकानातून घेतलेला एका मॉडेलचा फोटो आहे, थोडे फेरफार केलेला. ती दिसायला चांगली की वाईट यावर वाद घालणारे होतेच, पण खरी बोच वेगळी. आपण एवढी वर्षं वाट बघितली आणि समोरच्याने एक संध्याकाळही दिली नाही. २०२१ च्या 'लेजंडरी एडिशन'मध्ये तो फोटो बदलला, त्यावरून कंपनीलाही ते कुठेतरी कळलं असावं.

तेव्हाच्या समीक्षकांनी चाहत्यांना लाडावलेले म्हटलं. लेखकाने लिहिलेला शेवट बदलायला लावणारे तुम्ही कोण? थोडं तथ्य आहे. एका खेळाडूने तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे खोट्या जाहिरातीची तक्रार गुदरली, ते हास्यास्पदच होतं. दुसरीकडे त्याच चाहत्यांनी 'चाइल्ड्स प्ले' या आजारी मुलांसाठीच्या संस्थेला ८० हजार डॉलरहून जास्त जमवून दिले. पण लेखकाच्या स्वातंत्र्याचा मुद्दा इथे पुरता लागू पडत नाही असं माझं मत. कादंबरीकार तुम्हाला नायिकेची उत्तरं निवडायला सांगत नाही. इथे निवडायला लावलं, निवडीची नोंद ठेवली, ती तीन गेम वाहून आणली, नोंद ठेवतोय याची जाहिरातही केली. मग ती वही शेवटच्या पानावर न उघडणं हे स्वातंत्र्यात कसं मोडणार?

आता नवा मास इफेक्ट येऊ घातलाय. डिसेंबर २०२० मध्ये त्याची पहिली झलक दाखवली: बर्फात लियारा शेपर्डच्या चिलखताचा वाटावा असा एक तुकडा उचलते आणि हसते. लियारा ही पहिल्या भागापासूनची जोडीदार, तेव्हा तिच्यावर प्रेम केलेल्यांची चंगळ आहे. गॅरस त्यात कुठेच नव्हता.