नर कोणता, मादी कोणती

जानेवारीतल्या एका सकाळी मणिकर्णिका घाटासमोर आमची होडी थांबली होती. मामाच्या अस्थी माझ्या मांडीवर होत्या, कारण नात्याने मी भाची. शेजारी अण्णा बसले होते. मामा आणि अण्णा सोलापुरात एका घरात एकतीस वर्षं राहिले. आमच्याकडे अण्णांचा उल्लेख कायम ‘मामाचे मित्र’ असा व्हायचा. निधनाच्या जाहिरातीत तोही झाला नाही. नावाड्याने विचारलं, “भाई थे आपके?” अण्णा “हाँ” म्हणाले.

मग नावाड्याने शेवेची पुडी फोडली, ‘आऽ आऽ’ करत मूठ उधळली आणि पाण्यावरून कुरवांचा थवा उठून आला. काशीत त्यांना सरसकट ‘साइबेरियन’ म्हणतात. हिवाळ्यात काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं पांढरं झालेलं असतं, कानापाशी तेवढा एक काळा ठिपका उरतो. बांधून ठेवलेल्या एका होडीच्या काठावर दोन कुरव एकमेकांना लागून बसले होते. नावाडी म्हणाला, “जोड़ा है. मियाँ-बीवी.”

मी हौशी पक्षीनिरीक्षक आहे. या कुरवांत नर आणि मादी नुसतं बघून ओळखता येत नाहीत, हे मला माहीत होतं. नेदरलँड्समध्ये पिंजऱ्यातल्या थव्यांवर काम करणाऱ्या फान राइन आणि ग्रोटहाउस यांनी १९८०च्या दशकात याच जातीत नर-नर जोड्या जमल्याची नोंद केली आहे, हेही वाचलेलं होतं. मी काहीच बोलले नाही. ती वेळ नव्हती. पण नावाड्याचं ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, कारण पक्ष्यांबद्दलचं आपलं बरंचसं साहित्य याच वाक्यावर उभं आहे.

सुरुवात वाल्मीकींपासूनच करावी लागते. तमसेच्या काठी क्रौंचांची जोडी, निषादाचा बाण, नर पडतो, मादी आक्रोश करते आणि शोकाचा श्लोक होतो. ज्युलिया लेस्ली या अभ्यासिकेने १९९८मध्ये हा क्रौंच म्हणजे सारस, असं बारकाईने मांडलं. ते मान्य केलं तर एक मौज दिसते. कवीने नराचं तांबडं डोकं मुद्दाम वर्णिलं आहे. सारसात तांबडं डोकं मादीलाही असतं. नर थोडा मोठा, एवढाच काय तो फरक. मग पडला तो नर, हे कशावरून ठरलं? रडणारी ती मादी, यावरून. शोक करणारी बाई आणि मारला गेलेला पुरुष ही मांडणी आधीच तयार होती, पक्षी तिच्यात बसवले गेले. यात मी आदिकवीची चूक काढत नाही. शोक खराच आहे, आणि त्याला लिंगाची गरज नव्हती, हेच मला त्यातून दिसतं.

चक्रवाकाचंही तसंच. रात्री शापाने ताटातूट झालेले आणि नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हाका मारणारे प्रियकर-प्रेयसी संस्कृत कवींनी हजारदा वापरले. विणीच्या हंगामात नराच्या गळ्यात काळी कडी येते. एरवी नदीपलीकडच्या रेतीवर उतरलेल्या चक्रवाकांकडे दुरून बघून कोण कोणाला हाका मारतंय ते सांगायला कवीच हवा.

मराठीत तर हे काम व्याकरणच उरकून टाकतं. चिमणी ती, कावळा तो, म्हणून शेणाचं घर आणि मेणाचं घर यांच्यात एक संसारी भांडण आपोआप तयार होतं. घार मात्र ती, आणि तिला पुल्लिंगी रूपच नाही. विणीच्या दिवसांत आकाशात घिरट्या घालणारी जोडी आपण ‘दोन घारी’ म्हणून बघतो आणि कोणालाही काही वाटत नाही. (वाटलं असतं, तर घारीला पुल्लिंगी रूप एव्हाना सापडलं असतं.)

सुगरणीची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, कारण तिथे कविता आणि निरीक्षण समोरासमोर येतात. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतली सुगरण आई आहे, तिने पिलांसाठी खोपा विणला आहे. सालिम अलींनी १९३०मध्ये अलिबागजवळच्या किहीमला मुक्काम ठोकून या पक्ष्याचा अभ्यास केला. खोपा विणतो नर. अर्धा झाला की माद्या येऊन तपासतात. एखादीला पसंत पडला तर तो पुरा करतो आणि लगेच दुसरा खोपा आणि दुसरी मादी यांच्या मागे लागतो. आदर्श गृहिणीचा दाखला म्हणून शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं घर प्रत्यक्षात एका बहुपत्नीक नराची जाहिरात निघालं! बहिणाबाईंची कविता यामुळे खोटी पडत नाही. ती शेतात राबणाऱ्या बाईच्या हातांविषयी आहे. खोटा पडतो तो तिच्यावर धडा बेतणारा.

शास्त्रज्ञ यातून सुटले असं मानू नये. लेसन अल्बट्रॉस ही जात आयुष्यभराच्या निष्ठेसाठी प्रसिद्ध. मादी वर्षाला एकच अंडं घालते, तरी काही घरट्यांत दोन अंडी सापडायची. दुसरं अंडं कुणा परक्या मादीचं असेल, अशी समजूत काढली जायची. लिंडसे यंग आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये हवाईतल्या ओआहू बेटावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. डीएनए तपासल्यावर १२५ पैकी ३९ जोड्यांत दोन्ही माद्या निघाल्या. एक जोडी १९ वर्षं एकत्र होती. त्या बेटावर नर कमी आहेत, हे कारण अभ्यासकांनीच दिलं आहे आणि ते पटण्यासारखं आहे. पण ‘नर मिळाला नाही म्हणून’ एवढ्यावर १९ वर्षांचा हिशेब संपतो का? आमच्या नातेवाइकांनी मामाच्या बाबतीत ‘मुलगी मिळाली नाही म्हणून’ असं म्हणून तो संपवला होता.

ब्रूस बॅगमिल यांचा १९९९चा ‘बायोलॉजिकल एग्झुबरन्स’ हा जाडजूड ग्रंथ मी प्रथम वाचला तेव्हा भारावून गेले होते. त्याचा सगळ्यात चांगला भाग समीक्षेचाच आहे. प्राणिशास्त्राच्या जुन्या नोंदींत दोन नरांचं प्रियाराधन ‘नकली’ कसं होतं, मीलन ‘खोटं’ कसं ठरतं, हे ते शब्द पकडून दाखवतात. दोन नर दिसले की निरीक्षकाने त्यातल्या एकाला मादी करून टाकलं, असंही घडलेलं आहे. मात्र आता पुन्हा वाचताना त्यातला उत्सव मला खटकतो. शेकडो जातींची यादी जसजशी लांबते, तसतसे पक्षी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहतात, आणि साक्षीदाराला उलटतपासणीही सोसावी लागते.

ती कशी असू शकते, याचं उदाहरण जॉर्ज मरे लेव्हिक. अंटार्क्टिकात १९११-१२मध्ये ॲडेली पेंग्विनांच्या वसाहतीत या डॉक्टरने जे पाहिलं, त्याने तो इतका हादरला की वहीतल्या काही नोंदी त्याने ग्रीक अक्षरांत केल्या. १९१५मध्ये त्या मजकुराच्या शंभर प्रती ‘प्रसिद्धीसाठी नाही’ असा शिक्का मारून छापल्या गेल्या; जगाला तो २०१२मध्ये वाचायला मिळाला. त्यात नरांचे आपसांतले संबंध आहेत. पिलांवरची जबरदस्ती आणि मेलेल्या माद्यांशी केलेलं मीलनही आहे. दडपलेलं पान उघडलं की त्यातलं आपल्या सोयीचं तेवढंच वाचायचं, हे चालणार नाही. पक्षी करतात म्हणून दोन पुरुषांचं प्रेम रास्त, असं म्हणणाऱ्याला पेंग्विनांचं बाकीचं वर्तनही पदरात घ्यावं लागेल.

आपल्याकडे हा प्रश्न नुसता वाचनाचा नव्हता. १८६०च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ या शब्दांवर उभं होतं. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांना त्यातून बाहेर काढलं, तेव्हा नैसर्गिक काय ते ठरवायचं कोणी, हा प्रश्न न्या. चंद्रचूड यांनी निकालात विचारला होता. कायद्यानेच निसर्गाचं नाव घेतल्यावर पक्ष्यांना बोलवावंच लागलं, हे मला कळतं. पण निकाल टिकतो तो प्रतिष्ठेच्या आणि समानतेच्या मुद्द्यांवर, आणि तेच बरं आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये विवाहाचा हक्क नाकारला गेला, तेव्हा कुरव आणि अल्बट्रॉस काय करणार होते?

तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१मध्ये रंगमंचावर आलं. त्यातली ‘मित्रा’ ही बाई आहे, सुमित्रा. त्या नाटकात निसर्गाचा दाखला मागत कोणी पक्ष्यांकडे जात नाही, म्हणून मला ते आजही जवळचं वाटतं. आमच्या घरातला ‘मित्र’ हा शब्द मात्र तितका उघडा नव्हता.

मराठी माणसाला मणिकर्णिका हे नाव झाशीच्या राणीचं म्हणून आधी माहीत असतं, आणि घाटाच्या बांधकामाशी अहिल्याबाई होळकरांचं नाव जोडलेलं. अण्णा त्या दिवशी हेच सांगत होते, जरा जास्तच, न थांबता. गुरुजींनी मृताशी नातं विचारलं तेव्हा मी उत्तर दिलं. गोत्र मला आठवेना. ते अण्णांनी सांगितलं.

अस्थी सोडताना मी कलश त्यांच्या हातात दिला. गुरुजींनी पाहिलं, पण मंत्र थांबवला नाही. त्या होडीच्या काठावरचे दोन कुरव तोवर उडून गेले होते, किंवा थव्यात मिसळले होते. आता ओळखायला काही मार्ग नव्हता. परत वळताना अण्णांनी नावाड्याकडून शेवेची आणखी एक पुडी विकत घेतली.