संहिता आणि दिग्दर्शक

नेसा केरी यांच्या ‘द एपिजेनेटिक्स रेव्होल्यूशन’ (२०११) या पुस्तकात डीएनएला संहितेची उपमा दिली आहे. संहिता एकच, प्रयोग निराळे. वर्गात ती चटकन पटते. पण दिग्दर्शक कोण? डीएनएवर मिथाइल गट चिकटवणारी विकरेही जनुकांच्याच सांगण्यावरून बनतात. म्हणजे दिग्दर्शकही संहितेतूनच निघतो! इथे उपमा लंगडी पडते. कर्करोगात पेशींच्या वाढीला लगाम घालणारी काही जनुके मिथाइल गटांमुळे मुकी होतात. मायलोडिस्प्लास्टिक या रक्तविकारावर अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळालेले अ‍ॅझासिटिडीन हे गट कमी करते, पण नेमक्या जनुकापुरते नव्हे, सरसकट. विद्यार्थ्यांना कर्करोगाचे प्रकरण आधी वाचायला द्यावे, उपमा मागाहून.